चिमाबाईचं अबू सिंबल

माझा नवरा मला तापट म्हणतो. म्हणू दे. पिंपळवंडीत आमच्या अख्ख्या आळीला माझा आवाज माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण चिमाबाईचं सांगताना आवाज चढवायचा नाही असं ठरवून बसलेय. बघू कुठवर जमतंय.

चिमाबाई पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याकडं आली ती टोमॅटो तोडायला. डोंगरातल्या बायकांची टोळी पिकअपमधून यायची, त्यात ही एक. काळी, काटक, बोलणं बेताचं. पुढं सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी तिला घरात घेतली आणि मग ती राहिलीच. तिच्या हातची नाचणीची भाकरी एवढी पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. सासूबाईंचं हागणं-मुतणं तिनं चार वर्षं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. फक्त एक गोष्ट ती करायची नाही. बाजारातून धरणाचे मासे आणले की ती ते साफ करून, मसाला लावून, तळून आमच्या ताटात वाढायची आणि स्वतः चटणी-भाकरी खायची. एकदा मी चिडून विचारलं, उपास आहे का तुझा? तर म्हणाली, "माज्या घरातनं फिरून आल्याला मासा, वयनी. कसा खाऊ?"

तिचं गाव कोंढारवाडी, आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या वरच्या अंगाला. धरण झालं आणि वाडी पाण्याखाली गेली. तेव्हा ती अठ्ठावीस-तीस वर्षांची असेल. सरकारी कागदात दोन शब्द आहेत, बुडीत क्षेत्र आणि लाभक्षेत्र. ती बुडीतातली, आम्ही लाभातले. तिच्या चुलीवरून जे पाणी गेलं तेच कालव्यानं खाली आलं आणि आमच्या द्राक्षाला लागलं. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण मोटर सुरू केली आणि पाणी आलं की ते कुठून आलं हे कोण विचारतंय? मीही नाही विचारलं. घोडेगावच्या कचेरीत तिच्या घरच्यांनी जमिनीसाठी किती खेटे घातले, हे तिनं सांगितलं तेव्हा मी हूं हूं करत टीव्ही बघत होते. आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

कोंढारवाडीची देवी कळमजाई. देवी म्हणजे काय, गुडघ्याएवढा दगड, नाक ना डोळे, वरून शेंदूर. वाडी उठवली तेव्हा चिमाबाईच्या नवऱ्यानं, कुशाबानं, देवीला कौल लावला. दगडाच्या दोन खांद्यांवर कण्हेरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, मोठ्यानं एक सवाल विचारायचा आणि थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सवाल वर्षाला एकच. एकदा कळी पडली की त्या वर्षी पुन्हा विचारायचं नाही, मग जीव का जाईना. कुशाबानं विचारलं, आई, आमच्याबरोबर वर येतीस का? डावी पडली. मग तिला तिथंच ठेवून माणसं वर गेली. दर वर्षी वैशाखात पाणी आटतं, गाळातून देवी वर येते, वाडीची माणसं चिखल तुडवत जाऊन तिला शेंदूर लावतात. कुशाबा गेला, पोटी मूल नाही, म्हणून सवाल विचारायचा मान चिमाबाईकडं आला.

आता माझा नवरा. दादाभाऊ. माणूस वाईट नाही, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले. तीन वर्षांपूर्वी त्यानं चार जणांना धरून एक समिती काढली. कळमजाईला पाण्यातून उचलायची, काठावर टेकाडावर संगमरवरी देऊळ बांधायचं, खाली बोटिंग, पार्किंग, भीमाशंकरला जाणारी गर्दी तिथं वळवायची. देवीची सोय होईल म्हणे. पण कोंढारवाडीची म्हातारी माणसं एका वाक्यावर अडली. कौल घ्या. पहिल्या वर्षी चिमाबाईनं विचारलं, डावी पडली. दुसऱ्या वर्षी विचारलं, डावी पडली. घरी येऊन दादाभाऊ म्हणाला, ही बाई डावी कळी मुद्दाम हलकी चिकटवते. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. तिच्याच हातची भाकरी खात मी तसं म्हणालेही.

मग द्राक्ष-कांदावाल्यांचा इजिप्तचा अभ्यास दौरा निघाला. अभ्यास कसला, बायका धरून बत्तीस जण, पिरॅमिडपुढं फोटो काढायला. दादाभाऊ एक दिवस म्हणाला, चिमाबाईला घेऊ बरोबर, आपल्याला तिथलं जेवण सोसायचं नाही, भाकरी थापेल. मला केवढं कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, गरिबाला कोण नेतं परदेशी? तिच्या पासपोर्टला जन्मतारीख एक जून टाकली, आमच्याकडं ज्याची माहीत नाही त्याची सगळ्यांची तीच असते. मी तिला दोन नवी लुगडी घेतली आणि सांगितलं, मावशी, तयारी कर, जायचंय. ती म्हणाली, "बरं."

कैरोत मोठे पिरॅमिड बघून आमच्यातले रखमाजी म्हणाले, एवढा दगड, आणि आत काहीच नाही, हे असलं काम आपल्या ग्रामपंचायतीतच होतं. सगळे हसले. चिमाबाई मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "वाहणाऱ्यांची पाठ गेली आसंल."

तिथून खाली आस्वानला आलो. तिकडचे लोक काळेसावळे, न्युबियन म्हणतात त्यांना, हजारो वर्षांपासून नाईलच्या काठचे. त्यांचं एक म्युझियम आहे. आमची टूर मॅनेजर मोहिनी, पुण्याची, चुणचुणीत पोरगी, ती सगळं समजावून सांगत होती. न्युबियाचे स्वतःचे राजे होते, त्यांनी एकदा सगळ्या इजिप्तवर राज्य केलं. त्यांचेही पिरॅमिड आहेत, उंच आणि निमुळते, पण ते सुदानात, तिकडं लढाई चालू आहे म्हणून जाता येत नाही. आम्ही भिंतीवरचे फोटो बघून पुढं सरकलो. चिमाबाई मात्र एका काचेपाशी थांबली. आत विणलेल्या पाट्या, मातीची मडकी, धान्य पाखडायचं, चुलीपाशीचं असं सगळं मांडलेलं. मी म्हटलं, चल मावशी, आपल्या घरी आहे की असलंच. ती म्हणाली, "हीच तर गोम हाय. राहत्या घराची भांडी कोन काचंत ठिवतं? ही मानसं बुडाल्याली दिसत्यात." मी म्हटलं, काहीतरीच तुझं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच अबू सिंबलला निघालो. वाळवंटातून साडेतीन-चार तासांची बस. मी डोळे मिटून पडले होते. पुढच्या सीटवर दादाभाऊ आणि रखमाजी बोलत होते, आणि मी झोपलेय असं समजून बोलत होते. रखमाजी म्हणाले, कशाला आणली म्हातारीला एवढा खर्च करून? दादाभाऊ म्हणाला, "आज बघा तुम्ही. इथं अख्खं देऊळ धरणातून उचलून वर बसवलंय. हे डोळ्यानं बघितलं की ती येडी गप उजवा कौल देईल. देवी वर आली की आपल्या दोन एकरांचं सोनं झालं."

दोन एकर कुठले, हे मला माहीत नव्हतं. मी डोळे उघडले आणि तिथंच विचारलं. तो गडबडला. मग निघालं ते असं, की काठावरचं ते टेकाड त्यानं आधीच घेऊन ठेवलं होतं. चिमाबाईच्या पुतण्याकडून, सुभाषकडून, त्याच्या पोरीच्या लग्नाच्या घाईत. बुडून उरली होती तेवढी शेवटची जमीन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर वाळवंटात, बत्तीस माणसांच्या बसमध्ये, मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. थोडक्यात सांगायचं तर, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते कोण, हे मला त्या दिवशी कळलं. मोहिनी बिचारी माईकवर गाणी लावायला लागली. चिमाबाई मागं बसली होती, जेवणाच्या डब्यांजवळ. तिनं ऐकलं की नाही, मला विचारायचं धाडस झालं नाही.

अबू सिंबल. काय सांगू? डोंगराच्या पोटात कोरलेलं देऊळ आणि दारात चार राजे बसलेले, सहा-सात मजली. एकाचं तोंड-छाती तुटून पायाशी पडलेली. पुढं निळं पाणी, बघाल तिथवर. आमचा तिथला गाईड इद्रीस, पन्नाशीचा, तोही न्युबियनच. तो इंग्रजीत सांगत होता, मोहिनी मराठीत करत होती. नाईलवर मोठं धरण झालं तेव्हा हे देऊळ पाण्याखाली जाणार होतं. मग साऱ्या जगानं हात लावला, देऊळ कापलं, हजारावर तुकडे केले, एकेकाला नंबर दिला आणि साठ-पासष्ट मीटर वर आणून जसंच्या तसं जोडलं. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाभाऊनं सगळ्यात जोरात वाजवल्या. मग चिमाबाईकडं वळून म्हणाला, "बघितलंस? मनावर घेतलं की देवसुद्धा वर येतो. देव कोपला का? नाही ना?"

चिमाबाई डोक्यावरचा पदर धरून त्या राजांकडं बघत होती. म्हणाली, "देव उचलला. ग्वाड झालं. मानसं कुटं ठिवली?"

दादाभाऊ म्हणाला, माणसांचं काय मध्येच, त्यांना दिली असतील घरं. मी म्हटलं, मोहिनी, विचार इद्रीसला.

इद्रीसनं आधी गळ्यातला गाईडचा बिल्ला काढून खिशात घातला. मग सांगितलं. माणसं आगबोटींत आणि गाड्यांत घालून लांब नेली, नदीपासून दूर, रांगेत बांधलेल्या घरांत. त्याचे आई-बाप त्यातलेच, तो नंतर तिकडं जन्मला. आजी सांगायची, पहिल्याच साली लहान पोरं लई गेली. निघायच्या आधी अख्खा गाव कबरस्तानात गेला होता, आपापल्या माणसांच्या कबरीवर पाणी शिंपायला, कारण पुढं शिंपायला कुणी असणार नव्हतं. आजी म्हणायची, आम्ही पाणी शिंपत होतो आणि मागून पाणीच येत होतं.

चिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुमास्नी इचारलं व्हतं का? उठवायच्या आदी?"

मोहिनीनं ते इंग्रजीत सांगितलं. इद्रीस हसला, पण ते हसू नव्हतं. म्हणाला, सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. देशाचं भलं आहे असं सांगितलं होतं. मग त्यानं विचारलं, या बाई कुठल्या? चिमाबाई म्हणाली, "बुडीतातली." मोहिनीला त्या शब्दाचं इंग्रजी सुचेना. तिनं हातानं पाण्याची पातळी दाखवली, छातीवरून गळ्यापर्यंत, गळ्यावरून डोक्यावर. इद्रीसला कळलं. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली, आणि दोघं तिथल्या कठड्यावर शेजारी शेजारी बसले, दोघांना एकमेकांची भाषा येत नसताना. दादाभाऊ घड्याळ दाखवून ओरडत होता, अजून दुसरं देऊळ राहिलंय. मी म्हटलं, तुम्ही जा, बघा, टाळ्या वाजवा.

परत आल्यावर चिमाबाई काही बोलली नाही. दादाभाऊला वाटलं, गाडी रुळावर आली. वैशाख उजाडला, पाणी खाली गेलं, देवी वर आल्याचा निरोप आला. समितीनं जय्यत तयारी केली. गाळात मुरूम टाकून रस्ता केला, हायड्रा क्रेन आणली, मांडव, भटजी, वरून फिरणारा ड्रोन. आमच्या बाजूचे साठ-सत्तर बागायतदार पांढऱ्या टोप्या घालून आले. कोंढारवाडीची माणसं मागं उभी, पंधरा-वीस, बहुतेक म्हातारी. सुभाष मान खाली घालून त्यांच्यातच.

दादाभाऊनं आधीच जाहीर केलं, यंदा कळ्या मी चिकटवणार, म्हणजे कुणाला शंका नको. चिमाबाई म्हणाली, "चिकटवा की." त्यानं चिकटवल्या. डावी कळी त्यानं अंगठ्यानं चांगली दाबली, मी बघितलं, सगळ्यांनीच बघितलं. भटजी घसा खाकरून म्हणाले, हं, विचारा, आई वर येतीस का.

चिमाबाईनं पदर खोचला. हात जोडले. आणि पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आई कळमजाई. ह्या गावातनं आमाला उठवलं, तवा आमाला कुणी इचारलं व्हतं का? इचारलं आसंल तर उजवी दे. न्हाई तर डावी दे."

पंचवीस वर्षांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

दादाभाऊ पुढं धावला, "हा नाही सवाल, हा नाही." पण सवाल सुटला होता. मागून कोंढारवाडीचे भागूबाबा, वय ऐंशी, म्हणाले, "इचारला, भाऊ. आता थांबायचं." आणि गंमत बघा, आमचे सत्तर बागायतदार, ट्रॅक्टरवाले, गाडीवाले, सगळ्यांनी टोप्या काढून हात जोडले. देवीपुढं सवाल पडला की आमच्यातला कुणी हलत नाही, मग तो कितीही शहाणा असो. बारा वाजलेले. भेगाळलेल्या गाळावर सावली नाही. पाऊण तास आम्ही तसेच उभे. उजवी पडली तर? चिमाबाई सगळ्यांसमोर खोटी पडली असती, आणि तिच्याबरोबर तिचं अख्खं गाव. तिनं ते जाणूनच विचारलं होतं. मी माझ्या लोकांकडं बघत होते. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. एकाच्याही तोंडून ते निघत नव्हतं, दगडानं द्यावं म्हणून वाट बघत होते. चीड आली मला, माझ्यासकट सगळ्यांची.

कळ्या उन्हानं सुकत गेल्या. डावी पडली.

दादाभाऊ म्हणाला, पुन्हा विचारा, नीट विचारा. भागूबाबा म्हणाले, "वरसाचा सवाल झाला." हायड्राचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, त्यानं विचारलं, मालक, काढू का गाडी? चिमाबाईनं देवीच्या पायाशी पडलेली कळी उचलून पदराला बांधली आणि माझ्या नवऱ्याकडं बघून साध्या आवाजात म्हणाली, "फुडल्या साली या, भाऊ. तवर आमाला इचारून ठिवा."

ती आमच्या गाडीत बसली नाही. काठावर वर, सुभाषच्या घरी राहिली. घरी आल्यावर दादाभाऊ चार दिवस तिच्या नावानं बोटं मोडत होता, इजिप्त दाखवलं, त्याचं हे फळ. पाचव्या दिवशी मी त्याला सांगितलं, ते दोन एकर सुभाषच्या नावावर परत केल्याशिवाय माझ्या हातचं ताट मिळणार नाही. महिना झाला, तो अजून हॉटेलात जेवतोय.

मागच्या आठवड्यात मी काठावरच्या नव्या कोंढारवाडीला गेले. चिमाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी बसले, इकडचं तिकडचं बोलले, द्राक्षाचं, सासूबाईंच्या श्राद्धाचं. मग म्हटलं, "मावशी, येतेस का परत आमच्याकडं?" बोलले आणि लक्षात आलं, की पंचवीस वर्षांत मी तिला तिच्या मनाचं पहिल्यांदाच विचारत होते. आजवर सांगतच आले होते.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं नीट बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.